टाकीचा काटा आणि लॅम्बटनचं यंत्र



आज मद्रासच्या पोस्टिंगची गोष्ट. शहराचं नाव चेन्नई होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या पिढीच्या फौजीच्या तोंडी अजून मद्रासच येतं. मी ईएमईचा, गाड्यांच्या इलेक्ट्रिकचा माणूस. गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला. आमच्याकडे पाणी म्हणजे वणा नदी आणि विहीर. अशा माणसाच्या अंगावर २०१७ साली एक बोट येऊन पडली. युनिटचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, कारण चूक माझी होती.

बोट स्कीइंगची होती. मागे दोर बांधायचा, दोराच्या टोकाला माणूस पायात फळ्या अडकवून पाण्यात बसतो, बोट वेग घेते आणि तो पाण्यावर उभा राहतो. हा खेळ १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिन तलावावर राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने सुरू केला. या खेळात वेगाला फार महत्त्व. पुरुषांच्या स्लॅलम स्पर्धेत बोट ताशी ५८ किलोमीटरला धरून ठेवावी लागते. म्हणून स्की बोटीचा डॅशबोर्ड साध्या होडीपेक्षा भरगच्च असतो. आमच्या बोटीवर वेगाचा काटा, इंजिनच्या फेऱ्यांचा, ऑइल प्रेशरचा, तापमानाचा, बॅटरीचा आणि पेट्रोलच्या टाकीचा असे सहा काटे होते. बोट जुनी होती. फायबरचा सांगाडा मजबूत, इंजिन चांगलं. काटे मात्र आपापल्या मर्जीने चालायचे.

रोज सकाळी बोट पाण्यात जाण्याआधी एक चेकलिस्ट भरायची असे. त्यात एक ओळ होती : डॅशबोर्डचे सर्व मीटर ठीक. पुढे सही. ती सही माझी. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक काटा बघून सही केली. नंतर नुसती सही केली. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे कसं होतं ते सांगायला नको.

एक दिवस दुपारी चार जवान आणि चालक बोटीत, पाचवा दोरावर, आणि खाडीच्या मध्यावर इंजिन खोकून बंद पडलं. टाकीचा काटा निम्म्यावर होता. मी किनाऱ्यावर होतो. चालकाने तीन-चारदा सेल्फ मारला. काही नाही. ओहोटी सुरू झालेली. ईसीआरच्या पुलाखालून खाडीचं पाणी समुद्राला मिळतं, आणि ओहोटीच्या वेळी त्या तोंडाशी ओढ किती असते ते कोळी लोकांना विचारा. बोट हळूहळू पुलाच्या दिशेने सरकू लागली. चालक जुना होता, त्याने पहिलं काम दोरावरच्या पोराला आत घेण्याचं केलं, दुसरं नांगर टाकण्याचं. नांगर धरला. सेफ्टी बोट गेली, त्यांना ओढून आणलं. कुणाला खरचटलंही नाही.

आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. ते काही ओरडले नाहीत. त्यांनी एक स्वच्छ लाकडी पट्टी मागवली, टाकीचं झाकण उघडून आत घातली, बाहेर काढून माझ्यासमोर धरली. टोकाला बोटभर ओल होती. बाकी कोरडी.

‘‘काटा काय म्हणतोय?’’

‘‘अर्धी टाकी, साहेब.’’

‘‘आणि तू काय म्हणालास सकाळी?’’

मी गप्प. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदीला पूर आला, अर्धं शहर पाण्यात गेलं, तेव्हा साहेब बोटी घेऊन लोकांना काढत होते. त्या बोटींना मागे लावलेलं इंजिन आणि पायाशी सुटी टाकी, काटा-बिटा काही नाही. ‘‘दर फेरीला टाकी हलवून बघायचो,’’ ते म्हणाले. ‘‘काटा नव्हता म्हणून बघत होतो. तुझ्याकडे काटा होता म्हणून तू बघितलं नाहीस.’’

दुसऱ्या दिवसापासून मी डॅशबोर्ड उघडला. आता जरा कामाचं लिहितो. ज्यांच्याकडे जुनी बोट, जुनी जीप किंवा ट्रॅक्टर आहे त्यांना उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न असा की एक काटा बिघडला आहे की सगळे? सगळे एकदम थरथरत असतील किंवा मेलेले असतील तर दोष सामाईक जागी असतो, म्हणजे इग्निशनमधून येणारी वायर नाहीतर सगळ्या मीटरची अर्थिंग. एकच बिघडला असेल तर दोष तीन ठिकाणी शोधायचा : मीटर, वायर, किंवा टोकाला बसवलेला सेंडर. बऱ्याच बोटींत वायरींचे रंग ठरलेले असतात. जांभळी इग्निशनची, गुलाबी पेट्रोलच्या टाकीची, बदामी तापमानाची, फिकट निळी ऑइल प्रेशरची, राखाडी इंजिनच्या फेऱ्यांची. आमच्या बोटीत मागच्या कुणीतरी मिळेल त्या रंगाची वायर जोडली होती, म्हणून मी आधी एक दिवस घालवून प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. तो दिवस वाया गेला असं तेव्हा वाटलं. पुढे दहा वेळा वाचला.

पेट्रोलच्या काट्याची तपासणी सोपी आहे, पण ती डॅशबोर्डपाशी करायची. टाकीपाशी वायर टेकवून ठिणगी पाडायची नाही. आणि त्याआधी बोटीच्या तळातली पेट्रोलची वाफ काढायला ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवायचा. मग मीटरच्या मागची सेंडरची वायर काढायची. काटा एका टोकाला जातो. तीच जागा अर्थला टेकवायची. काटा दुसऱ्या टोकाला जातो. दोन्ही टोकांना गेला तर मीटर चांगला. आमचा गेला. म्हणजे ज्या मीटरला सगळे शिव्या देत होते तो निर्दोष होता.

टाकीतल्या सेंडरला एक तरंगणारा फ्लोट असतो. तो खालीवर होतो तसा विजेचा रोध बदलतो. यात दोन पद्धती आहेत. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना सुमारे २४० ओहम आणि भरलेली असताना ३३. युरोपियन पद्धतीत उलट, रिकामी १० आणि भरलेली १८०. आमचा सेंडर युरोपियन होता. बॅटरी सोडवून मल्टिमीटर लावला. फ्लोट तळाला असताना खुद्द सेंडरवर १० ओहम, अगदी बरोबर. पण तेच सेंडरच्या वायरीपासून बॅटरीच्या अर्थ केबलपर्यंत मोजलं तर ९२. मधले ८२ ओहम कुठून आले? टाकीवर अर्थची वायर ज्या स्क्रूखाली दाबली होती तो स्क्रू उघडला. खाली हिरवी पूड. खाऱ्या हवेने तांबं खाल्लं होतं. त्या पुडीचाच रोध टाकीतल्या पेट्रोलच्या हिशोबात मिसळत होता, आणि काटा बिचारा जे येईल ते दाखवत होता.

आता इथे थांबून बघा. अमेरिकन सेंडर असता तर याच गंजाने काटा ‘रिकामी’कडे झुकला असता. आम्ही वैतागलो असतो, पण अडकलो नसतो. युरोपियन सेंडरला तोच गंज टाकी भरलेली दाखवतो. तापमानाच्या सेंडरचंही तेच. इंजिन तापलं की त्याचा रोध कमी होतो, म्हणून खराब अर्थिंगने रोध वाढला की इंजिन आहे त्याहून थंड दिसतं. आमच्या बोटीचे दोन्ही काटे चुकत होते ते दिलासा देण्याच्या बाजूने. तक्रार येणार कुठून?

आणि खूण दिसत नव्हती असंही नाही. टाकी भरल्यावर काटा ‘एफ’च्या पलीकडे जाऊन तटून बसायचा आणि दोन-दोन दिवस हलायचा नाही. आम्ही म्हणायचो, काय ॲव्हरेज देते बोट!

बाकीचे काटे आठवड्याभरात मार्गी लागले. बॅटरी १२.६ व्होल्ट असताना मीटर ११ दाखवत होता, ती गळती जांभळ्या वायरीच्या एका जुन्या जोडात सापडली. वेगाचा काटा विजेचा नव्हताच. बोटीच्या मागे पाण्यात एक बारीक भोकाची नळी असते, वेगाने पाणी त्यात दाबलं जातं आणि तो दाब नळीतून मीटरपर्यंत येतो. भोकात वाळू बसली होती. नळी आधी मीटरपासून सोडवायची आणि मगच हवा मारायची, नाहीतर मीटरच फाटतो. ऑइल प्रेशरचा मीटर जुन्या पद्धतीचा, आत वाकडी चपटी पितळी नळी. दाब आला की ती उलगडू बघते आणि काटा फिरतो. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने १८४९ साली याचं पेटंट घेतलं. म्हणतात की वाफेच्या यंत्राची चेपलेली नळी आत दाब भरून सरळ करताना ती उलगडताना दिसली, आणि त्याला कल्पना सुचली. मला ही गोष्ट आवडते. दुरुस्ती करता करता मीटर सापडला.

हे सगळं चालू असताना एका रविवारी मी सेंट थॉमस माउंटवर गेलो. तमिळमध्ये परंगीमलै म्हणतात. वर पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च आहे, खाली छावणीचा भाग, समोर विमानतळ. वर उभं राहिलं की दक्षिणेकडे पेरुंबाक्कमपर्यंत इमारतीच इमारती दिसतात. ज्या साहेबांनी मला पट्टी दाखवली त्यांनीच तिथे जायला सांगितलं होतं. ‘‘तुझ्या गावाकडचा एक माणूस तिथून निघाला होता,’’ एवढंच म्हणाले.

तो माणूस विल्यम लॅम्बटन. इंग्रजांच्या ३३ व्या पायदळ पलटणीचा अधिकारी. १७९९ साली श्रीरंगपट्टणमला टिपूविरुद्धच्या लढाईत होता. लढाईनंतर त्याने सरकारपुढे प्रस्ताव ठेवला की सबंध मुलूख त्रिकोणांनी मोजावा. एक रेषा जमिनीवर अचूक मोजायची, मग तिच्या दोन्ही टोकांवरून कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. पहिली रेषा चुकली तर पुढचा सगळा देश चुकला. ती रेषा त्याने या माउंटच्या पायथ्यापासून पेरुंबाक्कमच्या टेकडीकडे मोजली. १० एप्रिल १८०२ ला सुरुवात, ५७ दिवस काम, लांबी सुमारे साडेसात मैल.

मोजायला शंभर फुटी पोलादी साखळी, अडीच फुटांच्या ४० कड्यांची. साडेसात मैल म्हणजे जवळपास चारशे वेळा ती टाकायची. एप्रिल-मेचं मद्रासचं ऊन ज्याने खाल्लंय त्याला पुढची गोष्ट लगेच कळेल. पोलाद तापलं की लांबतं. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं तर शंभर फुटी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. चारशे वेळा मिळून जवळपास १.४ मीटर. म्हणून साखळी जमिनीवर न टाकता तिपायांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांमधून ताणायची, शेजारी थर्मामीटर ठेवायचे, आणि प्रत्येक मापाबरोबर तापमान लिहायचं. साखळी खोटं मापणार हे लॅम्बटनने धरूनच ठेवलं होतं. किती खोटं मापते ते तो लिहीत होता.

कोन मोजायला लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेलं मोठं थिओडोलाइट होतं. वजन अर्धा टन, आडव्या वर्तुळाचा व्यास तीन फूट. समुद्रावरून येताना ते फ्रेंचांच्या ‘पिएमाँतेज’ या जहाजाने पकडून मॉरिशसला नेलं. शत्रूचं असलं तरी विज्ञानाचं यंत्र, म्हणून तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला परत पाठवलं.

आणि १८०८ साली तंजावरला ते आपटलं. तंजावर म्हणजे आपल्या मराठ्यांचं राज्य, तेव्हा गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. कावेरीचा सपाट प्रदेश, टेकडी नाही, जिकडेतिकडे माड. लांबचं दिसायला उंच जागा एकच, बृहदीश्वराचं दोनशे फुटांहून उंच शिखर. यंत्र दोरांनी वर ओढत असताना आवरणारा दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळलं. ज्या वर्तुळावर अंशांच्या रेघा कोरलेल्या होत्या तेच चेपलं. देशात दुसरं तसं यंत्र नाही. बदली मागवायची तर जहाजाने इंग्लंड.

लॅम्बटनने यंत्र पूर्ण सुटं केलं. एका मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचं वर्तुळ कोरलं. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून चेपलेली कड थोडी थोडी ताणत त्या वर्तुळात बसवली. वाकलेले आरे लाकडी हातोड्यांनी हलके हलके ठोकून सरळ केले. सहा आठवडे लागले. यंत्र जवळपास पूर्वीसारखं झालं, आणि पुन्हा कामाला लागलं.

‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ठोकून सरळ केलेलं वर्तुळ नव्यासारखं होत नाही, कुठेतरी केसभर खोट राहतेच. त्यावर उपाय असा की एकच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर फिरवून पुन्हा पुन्हा वाचायचा आणि सरासरी घ्यायची, म्हणजे एका जागची खोट दुसऱ्या जागी कापली जाते. लॅम्बटननंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात ही शिस्त पक्की झाली.

या कामात एक नाव आपल्या लोकांना माहीत असायला हवं. सय्यद मीर मोहसिन हुसेन. राहणारे अर्काटचे. मद्रासला एका जवाहिऱ्याच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करत होते. सर्वेक्षणाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची त्यांच्यावर नजर पडली आणि ते कलकत्त्याला गेले. इंग्रजी येत नव्हतं, यंत्र उघडून बघून शिकले. लंडनहून आणलेला हेन्री बॅरो हा कारागीर काम सोडून गेल्यावर एव्हरेस्टने यांचं नाव पुढे केलं, आणि १८४३ साली कंपनी सरकारच्या गणिती यंत्रांचे कारागीर म्हणून त्यांची नेमणूक झाली. आज आपण एव्हरेस्टचं नाव शिखरामुळे घेतो. ती यंत्रं ज्यांच्या हातांनी नीट राहिली त्यांत घड्याळं दुरुस्त करणारा हा मद्रासचा माणूस होता.

माउंटवरून उतरताना माझ्या डोक्यात यंत्रापेक्षा त्या वह्या घोळत होत्या. साखळी टाकली, तापमान लिहिलं. कोन वाचला, आकडा लिहिला. यंत्र आपटलं तर आपटलं म्हणून नोंद झाली, म्हणून दोनशे वर्षांनी माझ्यासारख्या वायरमनला कळलं. माझ्या वहीत मात्र पंधरा दिवसांनंतर रोज तेच शब्द होते, आणि तेच खोटे होते. बोटीतला गंज पॉलिश पेपरने निघाला. वहीतल्या गंजाचं काय?

सोमवारी सुभेदार साहेबांना म्हटलं, चेकलिस्टमधली ती ओळ काढू या. ते म्हणाले, काढून काय लिहिशील? मी कागद दाखवला. ‘मीटर ठीक’ऐवजी तीन रकाने : पट्टीने मोजलेलं पेट्रोल, काट्याने दाखवलेलं पेट्रोल, दोन्हीतला फरक. बॅटरीचंही तसंच, मल्टिमीटर काय म्हणतो आणि डॅशबोर्ड काय म्हणतो. साहेबांनी कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि वर एक रकाना वाढवला : पाहणाऱ्याची सही. ‘‘बघितल्याशिवाय हा रकाना भरता येत नाही,’’ म्हणाले. अर्थिंगची वायर बदलून कलई केलेल्या तांब्याची टाकली, लग सोल्डर केले, वर ग्रीस लावलं. तरीही दर महिन्याला फरक थोडा थोडा वाढताना वहीत दिसायचा, आणि काटा खोटं बोलायच्या आधीच आम्ही स्क्रू उघडायचो. माझ्या बदलीपर्यंत ती बोट पुन्हा अडकली नाही.

पुढच्या रजेत मी हिंगणघाटला मोटारसायकल वळवली. साहेब खरंच बोलले होते. लॅम्बटन कन्याकुमारीपासून मोजत वर आला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला, वयाच्या सत्तरीच्या आसपास, हिंगणघाटला वारला. तिथेच पुरला. लहानपणी कापसाच्या गाडीबरोबर मी किती वेळा त्या गावात गेलो असेन, पण हा माणूस कोण ते शाळेत कुणी सांगितलं नाही.

राज्यकर्त्यांसाठी नकाशे करणारा माणूस होता तो, त्याचं कौतुक किती करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी तिथे गेलो ते एका जुन्या सैनिकाकडे म्हणून. उभा राहिलो, टोपी काढली, आणि मनातल्या मनात त्याला एवढंच सांगितलं की साहेब, वही आता रोज भरतो.

तुमच्यापैकी कुणाच्या वहीत अजून ‘सर्व ठीक’ लिहिलं जात असेल तर उद्या सकाळी एकदा पट्टी घालून बघा.

जय हिंद.